काढताना स्वच्छ, पेटीत काळा: हापूसची सड नेमकी सुरू कुठे होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: देवगड तालुक्यात खाडीलगत हापूसची कलमं आहेत. एप्रिलअखेर आणि मेमध्ये काढलेला आंबा भरताना अगदी स्वच्छ होता, डागी फळ एकही पेटीत टाकलं नव्हतं. पुण्याच्या गिऱ्हाइकांकडे चार-पाच दिवसांनी आंबा पिकला, तेव्हा सालीवर काळे ठिपके, काही फळांचा देठाकडचा भाग काळा आणि मऊ, कापल्यावर आत तपकिरी. गाडीवाला पेंढ्याला दोष देतो, पेंढा देणारा गाडीतल्या उष्म्याला, आणि गिऱ्हाईक म्हणतं तुम्ही कार्बाइड घातलं. खरी चूक कशाची? काढणीनंतर एखाद्या औषधात बुडवून हे थांबेल का? आणि असा आंबा खायला किंवा कॅनिंगला चालतो का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला कदाचित रुचणार नाही, पण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. यातला बहुतेक रोग पेटीत लागलेला नाही. तो बागेतच, आंबा कैरी असताना लागला. पेटी भरताना तो सालीखाली होता, फक्त डोळ्यांना दिसत नव्हता. डागी फळ पेटीत टाकलं नाही हे तुमचं म्हणणं खरं आहे आणि फळं सडली हेही खरं आहे. दोन्हीत विसंगती काही नाही. पेंढा, गाडी आणि उष्मा यांनी सड लवकर आणली एवढंच, ती पेरली नाही.

काळे ठिपके म्हणजे करपा. त्याची बुरशी कोलेटोट्रायकम. आपण जिला सरसकट कोलेटोट्रायकम ग्लोइओस्पोरिऑइडिस म्हणत आलो, ती एकच जात नसून जवळच्या अनेक जातींचा गट आहे हे आता जनुकीय तपासणीतून स्पष्ट झालं आहे, पण बागेतल्या कामासाठी त्या सगळ्यांचं वागणं जवळपास सारखंच. ही बुरशी वर्षभर कलमावरच असते. वाळलेल्या काड्या, करपलेली पानं, गेल्या मोसमातला झाडावरच सुकलेला मोहर, काळ्या पडून लटकलेल्या बारीक कैऱ्या, ही तिची घरं. पाऊस पडला किंवा दवानं काडी ओली झाली की तिच्यावर फिकट गुलाबी, नारिंगी झाक असलेले चिकट ठिपके उमटतात. त्या चिकट गोळ्यात असंख्य बीजाणू असतात. ते कोरड्या वाऱ्यानं उडत नाहीत. पाण्याचा थेंब आपटला की शिंतोड्याबरोबर उडतात आणि ओघळाबरोबर खाली उतरतात. म्हणून वर वाळकी काडी असली की तिच्याखालच्या फळांवर रोग जास्त दिसतो.

एक निरीक्षण स्वतः करून बघा. पिकलेल्या आंब्यावर करप्याचे ठिपके कधी कधी विखुरलेले नसतात. देठापासून टोकाकडे उभ्या रेघेत उतरलेले असतात, गालावरून ओघळ यावा तसे. हातातलं फळ झाडावर टांगलेलं असताना जसं होतं तसं धरा, म्हणजे लगेच कळेल: देठाकडून दवाचं किंवा पावसाचं पाणी ज्या वाटेनं खाली आलं, नेमक्या त्याच वाटेवर ठिपके आहेत. पेटीत आंबा आडवा असतो. पेटीत लागलेल्या रोगाला ही उभी रेघ काढताच येणार नाही. तुमच्या गिऱ्हाइकांनी फोटो पाठवले असतील तर त्यात ही रेघ शोधा. दिसली तर गाडीवाला आणि पेंढेवाला या वादातून सुटले.

आता बुरशी आत शिरते कशी, ते जरा सविस्तर सांगतो, कारण औषध कधी मारायचं ते यावरच ठरतं. ओल्या सालीवर पडलेला बीजाणू काही तासांत रुजतो. त्याला बारीक कोंब फुटतो आणि कोंबाच्या टोकाला काळसर, जाड भिंतीची एक गाठ तयार होते. ही गाठ सालीला घट्ट चिकटते. तिच्या भिंतीतल्या काळ्या रंगद्रव्यामुळे आत प्रचंड दाब साठू शकतो, आणि त्या दाबानं खालून एक अतिसूक्ष्म खुंटी सालीवरच्या मेणाच्या थरातून आत घुसते. त्यासाठी जखम लागत नाही. अखंड, निरोगी, चकचकीत कैरीतही ती शिरते. हे सगळं व्हायला साल सलग बरेच तास ओली राहावी लागते आणि तापमान पंचविशीच्या आसपास असलं की तिला सगळ्यात सोयीचं. खाडीकाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्रभर दव, सकाळी धुकं आणि दहा वाजेपर्यंत मळभ असतं, तेव्हा नेमकं हेच हवामान असतं. पाऊस पडायलाच हवा असं नाही.

आत शिरल्यावर मात्र ती थांबते. कच्च्या आंब्याच्या सालीत रिसॉर्सिनॉल गटातली बुरशीरोधक द्रव्यं असतात, गरात आंबटपणा भरपूर असतो, पेशींच्या भिंती कडक असतात आणि बुरशीला लागणारी साखर कमी असते. अशा फळात तिला वाढता येत नाही, पण ती मरतही नाही. आठवडे, महिने ती तशीच दबून राहते. याला सुप्त संसर्ग म्हणतात. फळ पिकायला लागलं की एकेक अडसर आपोआप निघत जातो: रिसॉर्सिनॉल घटतं, आंबटपणा उतरतो, साखर वाढते, भिंती सैल होतात. इस्रायलचे शास्त्रज्ञ डोव्ह प्रुस्की यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातला एक महत्त्वाचा दुवा दाखवला. ही बुरशी स्वतः अमोनिया सोडते आणि आजूबाजूच्या गराचा आम्लपणा मोडून काढते. तसं केल्यावरच तिची पेक्टिन विरघळवणारी विकरं (एन्झाइम) जोरात चालतात. पेक्टिन म्हणजे दोन पेशींना धरून ठेवणारा चिकट थर. तो विरघळला की गर लिबलिबीत होतो. काढणीला दगडासारखा असलेला आंबा पिकतानाच का बिघडतो, आधी का नाही, याचं उत्तर हे आहे.

आता तपकिरी रंगाबद्दल. तो रंग बहुतेक वेळा बुरशीचा नसतो, फळाचा स्वतःचा असतो. फळाच्या पेशीत फिनॉल गटाची द्रव्यं एका कप्प्यात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं तांबंयुक्त विकर दुसऱ्या कप्प्यात असतं. पेशी धड आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. बुरशीनं पेशीची पटलं फोडली की ती एकत्र येतात, हवेतला प्राणवायू मिळतो आणि क्विनोन तयार होतात. ते एकमेकांना जोडले जाऊन तपकिरी, मग काळसर होतात. कैरी कापून ठेवली की तासाभरात काप लालसर पडतात, ती क्रिया हीच, तिथे पेशी सुरीनं फोडलेल्या असतात. म्हणूनच त्यावर लिंबू पिळलं की रंग चढत नाही: आम्लामुळे विकर मंदावतं आणि क जीवनसत्त्व क्विनोनला परत मागे ढकलतं. फळाच्या बाजूनं पाहिलं तर हा रंग म्हणजे बचाव आहे. क्विनोन बुरशीला विषारी असतात आणि जखमेभोवतीचा तपकिरी थर तिची वाट अडवतो. कच्च्या फळात हा बचाव पुरतो. पिकलेल्या फळात बुरशी त्याच्या पुढे निघून जाते.

यातून निघणारी कामाची गोष्ट म्हणजे, तपकिरी दिसलं की बुरशीच असं समजू नका. पेशी कशानंही फुटली तरी रंग तोच येतो, आणि आपल्याकडे तशी कारणं बरीच आहेत. देठ मोडताना उडालेला चीक सालीवर सुकला की तेवढी साल भाजल्यासारखी तपकिरी होते. तो डाग वरवरचा असतो, खाली गर चांगला. कच्चा हापूस १२-१३ अंशांच्या खाली बरेच दिवस ठेवला तर थंडीची इजा होऊन साल करडी-तपकिरी पडते, बारीक खड्डे येतात, फळ एकसारखं पिकत नाही. फळमाशीनं टोचलेल्या फळावर बारीक भोक असतं आणि भोवतालचा भाग पाणीदार होतो, कापलं की अळ्या. आणि आपला जुना दुखणेकरी साका: बाहेरून फळ देखणं, आत बाठीलगत पांढुरका, पोकळसर, स्पंजासारखा, कधी तपकिरी गर. साका हा बुरशीचा रोग नाही. फळातली उष्णता आणि बाठीची झाडावरच सुरू झालेली अंकुरणाची तयारी यांच्याशी त्याचा संबंध आहे. कुठल्याही बुरशीनाशकानं तो जात नाही. फळ चौदा आणे, म्हणजे सोळा आणे पूर्ण पक्व होण्याच्या जरा आधी, तयार असताना काढणं आणि कलमाखाली गवताचं किंवा पेंढ्याचं आच्छादन ठेवून जमिनीची धग कमी करणं याचा त्यावर उपयोग होतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठानं काढलेली रत्ना ही नीलम आणि हापूस यांच्या संकराची जात साक्यापासून मुक्त आहे, पण आपल्या गिऱ्हाइकाला हापूसच हवा असतो, हे मीही जाणतो.

तुमच्या वर्णनात 'आत तपकिरी' एवढंच आहे. तो तपकिरीपणा सालीवरच्या काळ्या ठिपक्याखालून आत गेला आहे, देठाकडून खाली उतरला आहे की बाठीपासून बाहेर आला आहे, हे गिऱ्हाइकाला विचारा. पहिला करपा, दुसरी देठकूज, तिसरा बहुधा साका. तिघांचे उपाय वेगळे आहेत. हे न विचारता औषध बदलत बसलात तर पैसे जातील आणि आंबा तसाच सडेल.

देठकूज हा करप्याहून वाईट रोग आहे आणि त्याकडे आपल्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. तिच्या मागे मुख्यतः लासिओडिप्लोडिया थिओब्रोमी ही बुरशी असते. ती फांदीच्या, देठाच्या आत काही लक्षण न दाखवता राहू शकते, आणि फळ झाडापासून तुटलं की देठातून फळात उतरते. मातीत आणि सडक्या लाकडातही ती असते. त्यामुळे ताजा मोडलेला देठ मातीला टेकला तर तिला तयार दारच मिळतं. लक्षण ओळखायला सोपं आहे: देठाभोवती आधी तपकिरी कडं, मग काळपट, पाणीदार, बोटानं दाबलं तर आत जाणारं. उन्हाळ्याच्या उष्म्यात दोन-तीन दिवसांत अर्धं फळ जातं. करप्याचा ठिपका बराच वेळ सालीत राहतो, ही सरळ गरातून धावते. फळं काढून कलमाखाली उघड्या जमिनीवर ढीग लावायची पद्धत अजून बऱ्याच बागांत दिसते. ती बंद करा. क्रेट ठेवा, नाहीतर स्वच्छ ताडपत्री तरी अंथरा.

तिसरी मंडळी जखमेतून येणारी: काळी पूड धरणारी अ‍ॅस्परजिलस नायजर आणि राखाडी केसाळ वाढ होऊन वर काळे टाचणीचे डोके दिसणारी रायझोपस. या दोघींना आत शिरायला ओरखडा, आपट किंवा चिकानं भाजलेली साल लागते. यांच्या बाबतीत मात्र पेटी, पेंढा आणि गाडी खरोखर दोषी असू शकतात. अर्धवट सुकलेला, कुबट वास येणारा पेंढा वापरला असेल तर पेंढेवाल्याला मी पूर्ण निर्दोष सोडणार नाही.

इथे 'एक नासका आंबा अढी नासवतो' या म्हणीबद्दल थोडं बोलायला हवं, कारण सगळे तिचाच आधार घेतात. रायझोपससाठी ती शब्दशः खरी आहे: तिचे तंतू एका फळातून शेजारच्या फळात जातात आणि गळणारं पाणी आजूबाजूचा पेंढा भिजवतं. करप्यासाठी ती तशी खरी नाही. चार-पाच दिवसांत करप्याच्या ठिपक्यावर नवे बीजाणू येऊन, शेजारच्या सालीवर रुजून, तिथे पुन्हा काळा डाग पडण्याइतका वेळच नसतो. पेटीतल्या दहा फळांवर एकाच वेळी ठिपके आले तर ती दहाही फळं बागेतूनच संसर्ग घेऊन आलेली असतात. तरीही करपलेलं फळ अढीतून लगेच काढायचंच, कारण ते इथिलीन हा फळ पिकवणारा वायू जास्त सोडतं. त्यामुळे शेजारची फळं लवकर पिकतात, आणि पिकली की त्यांच्यातला सुप्त रोगही लवकर जागा होतो. अढी दोन थरांपेक्षा जाड लावू नका आणि रोज हात फिरवा.

तुमचा माल एप्रिलअखेरचा आणि मेचा होता, हेही महत्त्वाचं. शेवटच्या तोडीचा आंबा जास्त का सडतो, याचं कारण लोक 'पाऊस लागला' एवढ्यात गुंडाळतात. वळवाच्या पावसानं नवे बीजाणू फळावर येतातच, शिवाय उशिराच्या फळानं झाडावर जास्त दिवस काढलेले असतात, म्हणजे तेवढ्या जास्त ओल्या रात्री सोसलेल्या असतात. आणि मेमध्ये ते झाडावरच पक्व झालेलं असतं, त्यामुळे काढल्यावर पिकायला वेळ घेत नाही. पावसानंतर दोन-तीन दिवस तोड थांबवून फळं पूर्ण कोरडी होऊ देणं शक्य असेल तर करा. ओलं फळ पेटीत कधीच भरू नका. पावसानंतरचा माल लांब पाठवू नका. जवळच्या बाजारात, लवकर खपेल असा द्या, आणि घेणाऱ्याला तसं स्पष्ट सांगा.

आता उपायांकडे येतो. निम्म्याहून अधिक काम बागेत आहे आणि ते काढणीच्या फार आधीचं आहे. वाळक्या काड्या, रोगट फांद्या आणि झाडावर सुकून राहिलेला जुना मोहर छाटून बागेबाहेर न्या किंवा जाळा. कापलेल्या जागी बोर्डोपेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. छाटून कलमाखालीच टाकलेल्या काड्या म्हणजे रोगाची पुढच्या वर्षीची सोय. दाट झालेल्या जुन्या कलमांच्या मधल्या फांद्या विरळ केल्या, आत ऊन-वारा खेळला, तर सकाळचं दव तास-दोन तास आधी सुकतं. बुरशीला सलग ओल लागते हे लक्षात घेतलं तर या दोन तासांची किंमत कळेल. मला विचाराल तर जुन्या बागांत औषधाच्या एका फवारणीपेक्षा हे काम जास्त उपयोगी पडतं, पण ते कष्टाचं आहे आणि गडी मिळत नाहीत, म्हणून मागे पडतं.

फवारणी मोहर फुटण्यापासून कैरी सुपारीएवढी, पुढे अंड्याएवढी होईपर्यंतच्या काळात महत्त्वाची. बुरशी सालीत शिरायच्या आधी सालीवर औषध असायला हवं. आत शिरून दबलेल्या बुरशीपर्यंत तांबंयुक्त औषध किंवा मॅन्कोझेब पोचत नाही. दापोली विद्यापीठ मोहर संरक्षणाचं वेळापत्रक देतं, त्या-त्या वर्षीचं घ्या आणि त्यातलं औषध, मात्रा आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं, हे तिन्ही पाळा. माझा एक आग्रह: कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक दरवेळी मारत राहू नका. ते बुरशीच्या एकाच ठिकाणी काम करतं, सतत वापरलं की न मरणारे प्रकार शिल्लक राहून तेच वाढतात. जगभर कोलेटोट्रायकममध्ये हे झालेलं आहे. शिवाय निर्यातीच्या मालात त्याचा अंश सापडला तर माल अडतो. तुडतुडे आणि भुरीच्या फवारण्यांत करप्याचं औषध 'बसवून' घेण्यापेक्षा हवामान पाहून वेळ ठरवा. दोन-तीन दिवस मळभ आणि धुक्याचा अंदाज असेल तर फवारणी त्याच्या आधी झाली पाहिजे, नंतर नाही.

फळ अंड्याएवढं झाल्यावर कागदी पिशवी घालणं हा माझ्या मते घरगुती गिऱ्हाईक असलेल्या बागायतदारासाठी सगळ्यात चांगला उपाय आहे. पाण्याचा थेंब सालीवर येतच नाही, फळमाशीही टोचत नाही, आणि फळाला रंग एकसारखा येतो. उंच जुन्या कलमांवर हे जमत नाही, तिथे हट्ट करू नका. छाटून बुटकी केलेली कलमं आणि खालच्या फांद्या एवढ्यांनाच घाला. फळमाशीसाठी रक्षक सापळे लावाच, कारण तिनं केलेल्या भोकातून नंतर बुरशी शिरते.

काढणी नूतन झेल्यानं (देठ कापून फळ जाळीत झेलणाऱ्या काठीनं) करा, देठ तीन-चार सेंटिमीटर राहील असा. झोडपून किंवा फांदी हलवून पाडलेलं फळ लांबच्या पेटीत जाता कामा नये. देठासह काढल्यानं चीक उडत नाही, चिकाचे डाग पडत नाहीत आणि देठकुजीलाही जरा उशीर होतो. सकाळी दव सुकल्यावर सुरुवात करा, दुपारच्या उन्हाआधी थांबवा, आणि काढलेली फळं सावलीत आणा. उन्हात तापलेला आंबा पेटीत बंद केला की ती धग रात्रभर आतच राहते.

आता तुमचा मुख्य प्रश्न, काढणीनंतर बुडवून काही होतं का. होतं, पण औषधापेक्षा गरम पाण्यानं. करपा सालीत फक्त काही पेशींच्या खोलीवर दबलेला असतो, म्हणून तिथपर्यंत उष्णता पोचवता येते. ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० मिनिटं, काढणीपासून २४ तासांच्या आत. मग साध्या थंड पाण्यात घालून पंख्याखाली पूर्ण कोरडं करायचं. सगळं यश तापमान धरून ठेवण्यात आहे. ५५ च्या वर गेलं तर साल भाजते, ५० च्या खाली उतरलं तर बुरशी जिवंत राहते. थंड फळं टाकली की पाणी लगेच उतरतं, म्हणून पाणी भरपूर हवं, ते ढवळतं राहायला हवं आणि तापमापी टाकीच्या दोन ठिकाणी हवी. हाताला गरम लागतंय या अंदाजावर हे काम करायचं नाही. कोवळं, बारा आणे फळ या पाण्यात टिकत नाही. आधी थोड्या फळांवर करून, ती पिकवून पाहा, मगच सगळा माल घाला. देठकुजीवर याचा परिणाम कमी होतो, कारण ती देठात खोल असते. क्लोरिनच्या पाण्यानं धुतल्यावर सालीवरचे आणि पाण्यातले बीजाणू मरतात, धुण्याचं पाणी रोगवाहक होत नाही, हा फायदा आहेच. पण सालीत शिरलेल्या बुरशीला त्याचा काही त्रास नाही.

एक गोंधळ हल्ली वारंवार कानावर येतो. '४८ अंशात ६० मिनिटं' ही युरोपसाठीची गरम पाण्याची प्रक्रिया फळमाशीसाठी आहे. २०१४ मध्ये युरोपीय संघानं भारतीय आंबा अडवला तो फळमाशीमुळे, आणि २०१५ मध्ये ती बंदी उठली. त्याचप्रमाणे २००७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला ४०० ग्रे (विकिरणाच्या मात्रेचं एकक) विकिरण देतात, तेही किडीसाठी. या मात्रेनं बुरशी मरत नाही. निर्यातीच्या प्रक्रियेतून गेलेला आंबा करप्यापासून सुटला असं कुणी सांगितलं तर ते मानू नका.

पेटीला भोकं हवीत, पेंढा कडक सुका हवा, आणि पुण्या-मुंबईपलीकडे पाठवायचं असेल तर १३ अंशांच्या आसपासची गाडी. कार्बाइडचा आरोप तर सरळ फेटाळा: कार्बाइडनं पिकवणं कायद्यानं बंद आहे, ते तुम्ही वापरत नाही, आणि गिऱ्हाइकाला दिसलेले ओघळणारे काळे ठिपके हे कार्बाइडचं लक्षणही नाही.

पुढच्या मोसमासाठी एक साधी चाचणी सांगतो, ती तुमच्या हातातली आहे. काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी बागेच्या प्रत्येक भागातून काही तयार होत आलेली फळं वेगळी काढा: खाडीकडची, डोंगराकडची, दाट कलमांखालची. ती धुऊन, प्रत्येक भागाची फळं झाकणाच्या डब्यात ओल्या कागदावर ठेवा, शेजारी एक-दोन पिकलेली केळी ठेवा म्हणजे लवकर पिकतील. पिकल्यावर ठिपके मोजा. दोन दिवस आणखी तशीच ठेवली तर बुरशी स्वतःच ओळख देते: काळ्या डागावर गुलाबी-नारिंगी चिकट थेंब आले तर करपा, देठाकडे करडी-काळी वाढ आणि सालीवर बारीक उंचवटे आले तर देठकूज, काळी पूड आली तर अ‍ॅस्परजिलस. ज्या भागाची फळं स्वच्छ निघतात तो माल पुण्याला, ज्या भागाची डागाळतात तो गरम पाण्यातून काढून जवळच्या बाजाराला. एवढ्यानंच तुमच्या निम्म्या तक्रारी कमी होतील.

डहाणू-घोलवडचा चिकू आणि आपला फणस यांनाही हाच नियम, म्हणजे रोग बागेत लागतो आणि पिकताना दिसतो हा, थोड्या फरकानं लागतो. फणसाच्या काळ्या पडून गळणाऱ्या सगळ्या कुयऱ्या मात्र रोगी नसतात. त्यातल्या बऱ्याच नर फुलांच्या असतात, त्यांचं काम संपलं की त्या गळतातच आणि त्यांच्यावर रायझोपस वाढते. त्यासाठी औषध मारण्यात अर्थ नाही.

राहिला खाण्याचा प्रश्न. सालीवर चार ठिपके आणि खाली गर घट्ट, वास चांगला, असा आंबा डागाच्या बाजूनं बोटभर जाड काप काढून बिनधास्त खा. देठाकडून पाणीदार झालेला, आंबूस वास येणारा, किंवा आत बुरशीचे तंतू दिसणारा आंबा चांगला भाग शोधत कापत बसू नका, टाकून द्या. कॅनिंगच्या बाबतीत मी याहून कडक आहे. उकळल्यानं बुरशी मरते, पण अ‍ॅस्परजिलससारख्या काही बुरशी जी विषद्रव्यं फळात सोडतात ती उकळून जात नाहीत, आणि एक सडकं फळ रसाच्या अख्ख्या भांड्यात मिसळलं जातं. डागी माल चालेल, सडका चालणार नाही, आणि कारखान्याच्या दारात सडका माल परत करणारा माणूस तुमचं नुकसान करत नाहीये. सडकी फळं बागेबाहेर खड्डा करून पुरा. कलमांच्या आळ्यात खत म्हणून टाकू नका.